पदाच्या रकान्यात

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

आज चार वाजता यांचा फोन वाजला. पुन्हा तोच नंबर. नाव नाही, नुसते आकडे. हातातलं सूप तसंच ठेवलं आणि फोनकडे बघत बसले. सात वेळा वाजला, थांबला.

उचलत नाही मी. उचलला की कोणीतरी म्हणणार — देवाजीभाऊ आहेत का? मग पुन्हा सांगायचं, ते गेले. चौदा महिन्यांत किती जणांना सांगितलं! ऐकणारा गप्प होतो आणि त्याची समजूत मलाच काढावी लागते.

तरी फोन चार्ज करते. सकाळी काकड्याहून आले, देवाजवळ दिवा लावला की लगेच. गुड्डी पुण्याहून ओरडते — "आई, बाबांचा नंबर बंद कर आता. घर भाड्याने दे आणि इकडे ये. किती दिवस एकटी भिंतींशी बोलणार आहेस?" भिंतींशी बोलत नाही मी. वहीत लिहिते. ही वहीसुद्धा यांच्या दंडार मंडळाची जुनी हजेरीच आहे, मागची साठ पानं कोरी होती. टाकून कशी देऊ?

होळीपर्यंत सांगते म्हटलं आहे तिला.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

तांदूळ घेताना हात अजून दोन मुठी जास्त घेतो. उरलेला भात सकाळी फोडणीचा.

रविवार, १० नोव्हेंबर

आज घरात माणसं आली! दोन, पण आली.

भुपेंद्र आला होता. हे गेल्यावर मंडळ आता तोच बघतो. श्री नवयुवक दंडार मंडळ. नावात नवयुवक, सगळ्यात लहान माणूस सदतीस वर्षांचा. दिवाळी झाली की मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत गावोगाव दंडार करतात, गाणं-नाच-सोंगांचा खेळ, होळीपर्यंत. सव्वीस वर्षं तालीम आमच्या अंगणात झाली. हे पेटी वाजवायचे, मी चहा करायची. हे गेले आणि तालीम समाजमंदिरात नेली. "काकूले आता तरास कायले द्याचा?" — असं ठरलं म्हणे. त्रास होतो का, हे मला कोणी विचारलं नाही.

सोबत एक मुलगी होती, रुचिका. नागपूरच्या कुठल्या संस्थेत आहे. छोट्या नाटकवाल्यांना, गाणाऱ्यांना मदत करते. मी म्हटलं, दंडार शिकवणार का तू या लोकांना? हसली. "नाही काकू. कला तुमची तुम्हाला येते. माणसं कशी सांभाळायची, ते आम्ही बघतो."

भुपेंद्र म्हणे, "माणसं त आमच्यापाशी ढीगभर हायेत मॅडम. सांभाळाचं काय त्याच्यात? ते काय बकऱ्या हायेत का?"

तिने बोटावर मोजून दाखवलं. कोणाचं काय काम, ते कागदावर आहे का? कोणी आजारी पडला तर त्याच्या जागी कोण? कोणाला काही खुपलं तर सांगायचं कोणाला? कोणी सोडून गेला तर का गेला? भुपेंद्र प्रत्येकाला मान हलवत गेला. काहीच कागदावर नाही. होळीपर्यंत हे सगळं नीट झालं तर संस्था पुढली तीन वर्षं मंडळाच्या पाठीशी राहणार आहे. त्याला ते हवं आहे. पेट्या, कपडे, सगळं जुनं झालं आहे.

"अक्षर काकूचं मोत्यावानी," तो म्हणाला. "मॅट्रिक हाये आमची काकू! बाकी आमी समदे आठवीच्या अलीकडेच थांबलो."

म्हणजे काम माझ्याकडे आलं. हो म्हटलं. चहा ठेवायला उठले तर साखरेच्या डब्याचं झाकण निघेना. इतक्या दिवसांत तीन कप चहा कधी केलाच नव्हता.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

एकादशी. चौदा जणांच्या घरी फॉर्म देऊन आले. धान कापणीचे दिवस, निम्मे लोक शेतात, बांधीत. बांधावर उभी राहून दिले. रुचिकाने पाच रकाने छापले आहेत — नाव, वय, पद, किती वर्षांपासून, आणि शेवटी "काही झाल्यास कोणाला कळवायचे". शेवटचा वाचून गोलू ढोलकीवाला म्हणतो, "काकू, हे कायले वो? आमी दंडार कराले जातो का लढाईले?"

रविवार, १७ नोव्हेंबर

फॉर्म परत आले. आज हसले मी. मोठ्याने!

पदाच्या रकान्यात गोलूने चार ओळी लिहिल्या आहेत! "सांग सखे गं तळ्याच्या पाळी, कोण उभा गं सांजच्या वेळी —" आणि खाली, पूर्ण येते. दुसऱ्याने लिहिलं, गणाचं पद. तिसऱ्याने, "दोन पदे येतात, तिसरे अर्धे." एकाने अगदी प्रामाणिकपणे, "पद येत नाही. मागे झील धरतो."

रुचिकाला हवं होतं, हा ढोलकीवाला, हा सोंगाड्या, हा व्यवस्थापक. आमच्या लोकांना पद म्हणजे एकच. जे गळ्यातून निघतं ते! खुर्चीवालं पद कोणाच्या बापजन्मी बघितलं आहे इथे?

हसता हसता मान वळवली. यांना सांगायला. पेटीवर पांघरलेली चादर तेवढी दिसली.

मग चौदाच्या चौदा फॉर्म नव्याने, नीट लिहून काढले. ढोलकी. झीलकरी. पेटी — तिथे कोणाचं नाव लिहायचं? भुपेंद्रच वाजवतो सध्या, मंडळाची दुसरी जुनी पेटी, दोन बोटांनी. जुने कागद पाठकोरे होते, ठेवून दिले.

सोमवार, १८ नोव्हेंबर

चार वाजता फोन. सात वेळा.

रविवार, २४ नोव्हेंबर

रुचिका आली. नवे फॉर्म दाखवले, पदाची गंमत सांगितली. ती खूप हसली, मग एकदम म्हणाली, "काकू, ते जुने कागद कुठे आहेत? ही पदं कुठे लिहिलेली आहेत का?"

कुठे नाहीत. कोणी लिहिणार? तोंडाचं तोंडात. दोन कागदांच्या मागे मी किराण्याची यादी करून बसले होते. तिने हळद-जिऱ्यासकट फोटो काढले! मला लाज वाटली. मी चूक म्हणून बदललं तेच तिला खरं वाटलं.

मग तिने विचारलं, मंडळ सोडून कोणी गेलं का एवढ्यात? भुपेंद्र गोलूकडे बघे, गोलू माझ्याकडे. शेवटी भुपेंद्र बोलला, "कवडूबुवा. पन त्याले दहा वर्सं झाले."

कवडूबुवा म्हणजे मंडळातली बाई. वीस वर्षं गवळण त्यांनी केली, राणी त्यांनी केली. लुगडं नेसून उभे राहिले की पहिल्या रांगेतल्या बाया पदर सावरायच्या. यांचे जिवलग. दिवसा दोघं मिळून पदं रचायचे आमच्या ओसरीवर. मग मंडळाने भंडाऱ्याहून चंदाला आणलं, खरी बाई. बुवा गेले. पुन्हा आमच्या दारात पाय नाही. यांच्या मातीलाही आले नाहीत. ते मात्र मी विसरले नाही.

"गेले तेव्हा कोणी विचारलं का, का चाललात?" रुचिका.

"विचाराचं काय त्याच्यात? त्याले मालूम, आमाले मालूम."

"जाणाऱ्या माणसाशी एकदा बसून बोलायचं असतं भाऊ. काय दुखलं, काय बदलायला हवं. आम्ही तर त्याचाही कागद ठेवतो. उशीर झाला तरी विचारा. विचारल्याशिवाय माणूस पुरता जात नाही."

निघताना तिने माझ्याकडे बघून म्हटलं, "आणि तुमचा फॉर्म काकू?" मी काही बोलायच्या आत भुपेंद्र म्हणाला, "काकू त घरच्याच हायेत!"

तरी एक कोरा फॉर्म ठेवून गेली. नाव लिहिलं. वय सत्तावन्न लिहिलं. पद — सोडलं. कोणाला कळवायचं — गुड्डी लिहायला गेले. पुण्याहून ती निघणार, दुसऱ्या दिवशी पोचणार. तोवर मी आपली पडलेली. तेही सोडलं.

शुक्रवार, ६ डिसेंबर

तक्रार पेटी केली. डालड्याचा डबा, झाकणाला चीर. समाजमंदिरात खिळ्याला टांगला. भुपेंद्र म्हणतो, "आता समदे माह्याच नावानं ओरडतीन." म्हटलं, ओरडतील तर वाचून दाखवीन.

मंगळवार, १० डिसेंबर

डब्यात तीन चिठ्ठ्या. दोन भुपेंद्रच्या चहावर. तिसरी चंदाची. "कपडे बदलायला कुठंच जागा नसते. दोन साड्या धरून आडोसा करतात. पोट्टे डोकावतात. दहा वर्षांपासून."

ती चिठ्ठी हातात घेऊन किती वेळ बसले. ही बाई दहा वर्षं माझ्या अंगणात तालमीला येत होती. नाचणारी म्हणून मी तिला कधी घरात घेतलं नाही. पाणी ओसरीवर दिलं, तांब्या वेगळा ठेवला. रोज देवापुढे बसणारी मी! तीन खोल्यांचं घर मागे रिकामं, आणि ती गोठ्याच्या आडोशाला लुगडं नेसायची. मला दिसत नव्हतं असं नाही.

नियम लिहिला. पहिला नियम. "ज्या गावात कलाकार बाईला कडी लागणारी खोली मिळेल, त्याच गावाचं आमंत्रण घ्यायचं." भुपेंद्र म्हणे, "असं म्हटलं त अर्धे गावं जातीन काकू." म्हटलं, जाऊ दे. सही कर. केली.

शनिवार, १४ डिसेंबर

चंदा आली होती. नियम ऐकून आली. दारातच थांबली, सवयीने. मी म्हटलं, आत ये. चुलीजवळ बसवलं. दोघींनी एकाच ताटातल्या मुरमुऱ्यांचा चिवडा खाल्ला.

बोलता बोलता म्हणाली, "मावशी, मले हे नाचाचं लुगडं नेसाले कोनं शिकवलं, मालूम हाये का? कवडूबुवानं. मी आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी. निऱ्या अशा घे, पाय मोकळा राह्यते म्हने. शिकवलं आन् मंग गेले."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. ज्याची जागा गेली, त्यानेच नेसायला शिकवलं!

रविवार, २२ डिसेंबर

टोल्यावर, कवडूबुवांच्या वस्तीवर, जाऊन आले. तलावाच्या पाळीवरून चालत, पाऊण तास. रुचिकाचा कागद पिशवीत.

कवडूबुवा अंगणात दोरी वळत बसले होते. म्हातारे झाले. एकटेच असतात, पुतण्याने वेगळी चूल केली. मला बघून उठले, खाट झटकली. "वहिनी, तुमी?"

मी शाळेतल्या पोरीसारखं कागदावरचं वाचलं — तुम्ही मंडळ का सोडलं?

दोरी थांबली. "दहा वर्सं झाले वहिनी. विचारनाऱ्या तुमीच पयल्या."

मग सांगितलं. खाली बघत. "देवाजी माह्या मिशीवर हासला, समद्याईच्या समोर. कवडू, आता पावडरनं झाकत नाही गा तुही मिशी. ते चालते. दोस्त व्हता, हासला त हासला. पन त्या दिवशी मी आलो, तोंडाले पावडर लावलो, कुकू लावलो, आन् लुगड्यासाठी हात पुढं केला. त लुगडं चंदाच्या आंगावर. मले आंदी सांगलंच नाही त्यानं. मी तसाच उभा. तोंडाले पावडर, आन् खाली धोतर." दोरी पुन्हा हातात घेत — "पोरीचा काय दोस? तिले नेसता येत नव्हतं. शिकवून देल्लं. मंग घरी आलो."

मी सगळं लिहून घेतलं. यांच्याविरुद्धचं, यांच्याच हजेरीच्या पानावर. एक शब्दही गाळला नाही.

फॉर्म द्यायला गेले तर म्हणे, "मी नाही तुमच्या मंडळात. मले फारम कायले?" म्हटलं, भुपेंद्रला तुमच्याकडून पदं शिकायची आहेत. चंदालाही. "ठेवा तिथं. पाहीन."

मातीबद्दल विचारायचं होतं. ओठावर आलं, विचारलं नाही. परत येताना पाळीवर बसून हरिपाठ म्हटला. मला हे आवडलेलं नाही. यांच्यासारखा माणूस! एवढंच तर सांगायचं होतं, आधी.

सोमवार, २३ डिसेंबर

फोन. सहाच वेळा आज.

रविवार, ५ जानेवारी २०२५

चंदाने बुवांचा फॉर्म आणून दिला. वय एक्काहत्तर. नावापुढेच लिहिलं आहे, मोबाइल नाही. आणि पदाच्या रकान्यात, रकाना ओलांडून, मागच्या पानापर्यंत —

पाळीवरल्या मोहाखाली कोनं ठेवली घागर,
ठेवणारी गेली बाई, पानी राहिलं गार…

अख्खं पद आहे. हे मला ठाऊक आहे. आमच्या ओसरीवर झालं ते. मी धान पाखडत होते आणि हे दोघं "घागर"ला काय जुळवायचं म्हणून भांडत होते. "गार" मीच म्हटलं होतं, सूप हलवता हलवता. दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. कोणाच्या लक्षातही नसेल आता.

मग शेवटचा रकाना वाचला. काही झाल्यास कोणाला कळवायचे — देवाजी. पुढे दहा आकडे. यांचाच नंबर.

थट्टा करतात का? मातीला आले नाहीत आणि कागदावर लिहितात देवाजी! फॉर्म असा आपटला की दिवा विझला. पुन्हा लावला. देवाची माफी मागितली, बुवांची नाही.

रविवार, १२ जानेवारी

रुचिकाने बुवांसाठी नेमणुकीचं पत्र करून आणलं, छापील. तिनेच गंमत केली. "पद — पद शिकवणारे." भुपेंद्र हसून हसून खोकला. पत्राच्या खाली प्रत्येकाचा "कळवायचा" नंबरही छापला जातो. बुवांचा बघून ती गंभीर झाली. "काकू, गेलेल्या माणसाचा नंबर कसा चालेल? दुसरा आणा ना त्यांच्याकडून. काही झालं तर फोन कुठे जाणार?"

पत्र माझ्याकडे ठेवलं. सोमवारी आमच्या गावचा बाजार असतो, बुवा येतातच. उद्या मला जमणार नाही, पुढच्या सोमवारी तिथे गाठीन.

सोमवार, २० जानेवारी

नेहमी मी बाजारात पाचनंतर जाते, भाजी उतरते तेव्हा. आज बुवांसाठी पावणेचारलाच गेले.

चिंधूच्या सायकल दुकानापाशी दिसले. चिंधूचा मोबाइल कानाला लावून उभे. बोलत काही नव्हते. ओठ मिटलेले, डोळे मिटलेले, नुसते ऐकत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. मग त्यांनी फोन खाली केला, चिंधूला दिला. चिंधू मला म्हणे, "काकू, हा बुढा दर सोमवारी फोन मांगते, बोलत काहीच नाही. वाजवते आन् ठेवते."

घड्याळ बघितलं. चार.

"कोणाला लावता?" मी विचारलं. मला कळलं होतं. तरी विचारलं.

चोरी पकडल्यासारखे झाले. धोतराचा सोगा चाळवत म्हणाले, "नाही, म्हंजे… वाजत असते तोवर असं वाटते वहिनी, का देवाजी उठून राहिला. पेटी बाजूले सारून राहिला. येऊन राहिला फोनापाशी." मग — "कोनी उचलत नाही ते बरं हाये."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मातीला काहून नाही आले?"

"आलो असतो त तो मेला असता."

बाजार भरलेला. मागे कोणी वांग्यांचा भाव ओरडत होतं. आम्ही दोघं त्या सायकलींमध्ये उभे. मी पत्र पुढे केलं, म्हटलं, खालचा नंबर बदलून द्या. त्यांनी पत्र वाचलं, नीट चार घड्या घालून खिशात ठेवलं. "मले तोच पाठ हाये वहिनी. दुसरा कोनाचाच नाही. पुतन्याचा बी नाही."

भाजी न घेताच घरी आले. फोनवर लिहिलं होतं — एक मिस्ड कॉल.

सोमवार, २७ जानेवारी

चार वाजता वाजला. जवळ जाऊन बसले. उचलला नाही. त्यांना वाजणंच ऐकायचं आहे. मी उचलला तर त्यांना कळेल.

मीही डोळे मिटून ऐकलं. सात वेळा.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सात.

रविवार, ९ फेब्रुवारी

गुड्डीने भाडेकरू शोधला. साकोलीतला शिक्षक, नवराबायको दोघंच. एक मार्चपासून हवं म्हणतात. "आई, होळीपर्यंत कशाला थांबतेस? शिवरात्र झाली की मी येते न्यायला." बरं म्हटलं. इतक्या पटकन कसं म्हटलं, कळलं नाही. तिचंही खरं आहे. लेकीला आई हवी असते. आणि इथे मला कोणी अडवणारही नाही.

रुचिकाला फोन केला, कागद कोणाकडे देऊ? ती म्हणाली, "तुमचा फॉर्म अजून कोराच आहे काकू." म्हटलं, आता कशाला भरायचा.

बुवांना निरोप पाठवला होता, पदं शिकवायला कधी येता? चंदाने उत्तर आणलं, "देवाजीची पेटी जिथं हाये तिथं शिकवीन. समाजमंदिरात नाही." पेटी इथे आहे. घर तर चाललं. पेटी भुपेंद्रकडे पाठवावी लागेल.

सोमवार, १० फेब्रुवारी

सात. यांच्या फोनचं रिचार्ज २५ तारखेपर्यंत आहे. पुढे मारणार नाही. बुवांना सांगायला हवं, की आता वाजणार नाही. कसं सांगू? हेही आधीच सांगायचं असतं ना.

सोमवार, १७ फेब्रुवारी

वाजला नाही.

साडेचारपर्यंत बसले. पाच. बाजारात गेले. चिंधू म्हणे, "आज आलाच नाही बुढा." फोन हलवून बघितला, चालू आहे. उद्या टोल्यावर जाऊन येते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

टोल्यावर गेले. दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, रविवारी कुठेतरी गेले, पिशवी घेऊन, कुठे ते सांगितलं नाही. पुतण्याला विचारलं. "मले काय मालूम?" दोरी अंगणात अर्धीच पडलेली.

भुपेंद्रला सांगितलं, चंदाला सांगितलं. सगळे विचारताहेत. कोणाला काही ठाऊक नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

बसमध्ये लिहिते आहे, भंडाऱ्याच्या. अक्षर हलतं आहे.

सकाळी दहा वाजता यांचा फोन वाजला. पहिल्या रिंगला उचलला. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून बाई बोलत होती. "देवाजी आहेत का? एक म्हातारे आहेत आमच्याकडे, बसस्टँडवर पडले, खुब्याचं हाड गेलं. शुद्धीवर आहेत, पण कोणाचं नाव सांगत नाहीत. आज शर्टाच्या खिशात कागद सापडला, नेमणुकीचा. त्यावर हा नंबर आहे." मग म्हणाली, पिशवीत पितळेच्या बारीक पट्ट्या आहेत, नव्या, कागदात गुंडाळलेल्या. पेटीचे सूर! यांच्या पेटीसाठी.

"देवाजी नाहीत," मी म्हटलं. सतरा महिने ज्याला भीत होते ते वाक्य. असं सोपं निघालं!

"मग तुम्ही कोण?"

"नंबर माझा आहे," म्हटलं. "त्यांना सांगा, निघाले."

साकोलीला बस बदलताना स्टँडजवळ यांच्या फोनचं रिचार्ज मारलं. वर्षभराचं.